गोपाळ हरी देशमुख

रावबहादुर गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी (जन्म : पुणे, १८ फेब्रुवारी १८२३; मृत्यू : पुणे, ९ ऑक्टोबर १८९२) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी पत्रलेखक, निबंधकार, इतिहासलेखक आणि समाजसुधारक होते. मुंबईच्या प्रभाकर या साप्ताहिकातून १८४८ ते १८५० या काळात त्यांनी लोकहितवादी या टोपणनावाने लिहिलेली पत्रे शतपत्रे या नावाने प्रसिद्ध आहेत. ठरावीक नावाने, ठरावीक पत्रात, सातत्याने आणि एकाच हेतूने लिहिलेल्या वृत्तपत्रीय सदराचे मराठीतील हे आरंभीचे आणि ठळक उदाहरण मानले जाते. पुण्यात बसून मुंबईच्या पत्रात लिहिणाऱ्या पंचवीस वर्षांच्या या सरकारी नोकराचे लेखन पुढे ग्रंथरूपाने, अन्य नियतकालिकांतून आणि गुजरातीतूनही पसरत गेले. त्याचे टोपणनाव तर मूळ नावापेक्षाही अधिक रूढ झाले.

घराणे आणि शिक्षण

देशमुखांचे मूळ आडनाव सिद्धये. घराण्याकडे कोकणातील देशमुखीचे वतन असल्यामुळे देशमुख हे आडनाव पडले. वडील हरिपंत हे पेशव्यांचे अखेरचे सेनापती बापू गोखले यांच्याकडे फडणीस होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, त्याच वर्षी पेशवाई संपली, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य घराण्यांप्रमाणे या घराण्याचेही पूर्वीचे वैभव ओसरले. गोपाळरावांचा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी झाला. राज्य गेल्याची हळहळ ज्या घरात रोज ऐकू येत असेल अशा घरात ते वाढले. पुढे त्यांनी राज्य का गेले हाच प्रश्न आपल्या लेखनाच्या मध्यभागी ठेवला आणि त्याचे उत्तर शत्रूच्या कपटात न शोधता स्वकीयांच्या अज्ञानात शोधले, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे तिचे वेगळेपण जाणवते.

वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मराठी शिक्षणानंतर ते पुण्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकले. इंग्रजी ग्रंथांच्या, विशेषतः इतिहासाच्या वाचनाची गोडी त्यांना येथेच लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. १८४४ मध्ये दक्षिणेतील सरदारांसाठी नेमलेल्या एजंटाच्या कचेरीत ते भाषांतरकार म्हणून नोकरीस लागले. १८४६ मध्ये ते मुनसफीची परीक्षा उत्तीर्ण झाले. जुन्या सरदारांचे अर्ज, त्यांची कर्जे, आपसांतील तंटे आणि मानापमान यांची कागदपत्रे या कचेरीत येत. शतपत्रांत सरदार व इनामदारांच्या ऐदीपणाची जी बारकाव्याची चित्रे आढळतात, त्यांमागे या नोकरीतला अनुभव असावा असे मानण्यास जागा आहे.

प्रभाकर आणि पुण्याहून जाणारी पत्रे

मराठीतील पहिले वृत्तपत्र दर्पण हे बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले आणि ते १८४० मध्ये बंद पडले. त्यानंतर पुढच्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १८४१ रोजी, गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी प्रभाकर सुरू केले. साप्ताहिक असलेले हे पत्र शिळाप्रेसवर छापले जाई. भाऊ महाजन हे निर्भीड संपादक होते. सरकारच्या धोरणावर टीका करण्यास ते कचरत नसत आणि नव्या विचारांच्या तरुणांना आपल्या पत्रात जागा देत. देशमुखांच्या लेखनाला असा संपादक मिळाला नसता, तर ते त्या स्वरूपात प्रसिद्ध झाले असते की नाही याची शंकाच आहे.

त्या वेळी पुणे हे वृत्तपत्रांचे शहर नव्हते. दीर्घकाळ टिकलेले ज्ञानप्रकाश पुण्यात १२ फेब्रुवारी १८४९ रोजी निघाले, म्हणजे शतपत्रांना आरंभ झाल्यानंतर सुमारे वर्षाने. साहजिकच पुण्यात राहून समाजाविषयी काही बोलू इच्छिणाऱ्या लेखकाची दृष्टी मुंबईकडे वळे. दोन्ही शहरांमध्ये आगगाडी नव्हती. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा रस्ता गाड्यांच्या रहदारीस योग्य झाला होता. पुण्याची टपाल दापोडी, चिंचवड, वडगाव, खंडाळा या मार्गाने, म्हणजे आज पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमधून जाणाऱ्या जुन्या मुंबई रस्त्याच्याच दिशेने, घाट उतरून मुंबईस जाई. टपालाचा आकारही अंतरानुसार असे. सर्व देशभर अर्ध्या आण्यात पत्र जाण्याची सोय १८५४ नंतरची आहे. पुण्यातील लेखकाचा मजकूर मुंबईस जाऊन शिळेवर उतरावा आणि छापील अंक त्याच वाटेने परत पुण्यात येऊन ज्यांच्यावर तो लिहिला त्यांच्याच हाती पडावा, असा हा उलटसुलट प्रवास होता.

लोकहितवादी या सहीने लिहिलेल्या पत्रांचा आरंभ मार्च १८४८ मध्ये झाला. त्यानंतर सुमारे दोन वर्षे ही पत्रे प्रभाकरात येत राहिली. त्यांची एकूण संख्या १०८ भरते. शतपत्रे हे नाव सोयीचे म्हणून रूढ झाले आहे.

टोपणनाव घेण्यामागे दोन कारणे संभवतात. लेखक सरकारी नोकरीत होता, हे एक. दुसरे अधिक निकडीचे होते. पत्रांतील टीकेचा मुख्य रोख पुण्यातील ब्राह्मणवर्गावर होता, आणि लेखक स्वतः त्याच वर्गातला, त्याच शहरात, त्याच वाड्यांच्या शेजारी राहणारा होता. जातिबहिष्कार हे त्या काळी पोकळ भय नव्हते. बहिष्कृत माणसाच्या घरी जेवणास, लग्नकार्यास किंवा प्रेतयात्रेसही कोणी येत नसे. मुंबईच्या अंकातील एका टोपणनावाने या परिस्थितीत थोडीफार ढाल पुरवली.

पत्रांतील विषय

पत्रे आकाराने लहान असून प्रत्येकात बहुधा एकच विषय घेतलेला असतो. मुद्दा सांगावा, ओळखीचा दाखला द्यावा, प्रश्न विचारावा आणि पुढील आठवड्यापर्यंत वाचकाला त्यावर विचार करू द्यावा, अशी त्यांची साधारण रीत आहे. एकच विषय काही महिन्यांनी पुन्हा येतो, कधी जवळपास त्याच शब्दांत येतो. ग्रंथ म्हणून सलग वाचताना ही पुनरुक्ती खटकते, परंतु ही पत्रे सलग वाचण्यासाठी लिहिलेली नव्हती. आठवड्यातून एकदा येणाऱ्या अंकाच्या वाचकाला पुनःपुन्हा सांगणे हा सदरलेखनाचा भागच होता.

विद्येचा प्रश्न सर्वांत अधिक वेळा येतो. अर्थ न समजता ग्रंथ पाठ करणे आणि त्या पाठांतरावर दक्षिणा मिळवणे याला विद्या म्हणावे काय, असा त्यांचा सवाल होता. भूगोल, इतिहास, यंत्रविद्या, व्यापार आणि राज्यव्यवस्था यांचे ज्ञान मराठीत आले पाहिजे, त्यासाठी पुस्तके झाली पाहिजेत आणि ती वाचण्याची सोय गावोगाव झाली पाहिजे, असे ते सांगत. स्त्रियांना शिक्षण द्यावे, बालविवाह बंद करावेत, विधवांचे केशवपन थांबवून त्यांना पुनर्विवाहाची मोकळीक द्यावी, अशी मते त्यांनी स्पष्टपणे मांडली. जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती याच १८४८ सालात. विधवाविवाहाचा कायदा होण्यास आणखी आठ वर्षे होती.

आर्थिक विषयावरील पत्रे आजच्या वाचकास विशेष वाटतात. देशी कारागीर का बुडाला, कच्चा माल बाहेर जाऊन पक्का माल होऊन परत आल्याने कोणाचा फायदा होतो, याचा विचार त्यांनी साध्या हिशेबाच्या भाषेत केला आणि जाडेभरडे असले तरी देशात तयार झालेले कापड वापरावे असा आग्रह धरला. स्वदेशीची चळवळ यानंतर कित्येक दशकांनी उभी राहिली. राज्यकारभाराविषयी त्यांची भूमिका दुहेरी होती. इंग्रजांचे राज्य ही ईश्वरी योजना असून ते आपल्याला शहाणे करण्यासाठी आले आहे, असे ते एकीकडे मानत. दुसरीकडे, या देशातही सर्व जातींच्या प्रतिनिधींची पार्लमेंटासारखी सभा असावी, आणि लोक शहाणे झाल्यावर इंग्रजांना येथून जावे लागेल, असेही त्यांनी लिहून ठेवले. ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. तथापि त्यांच्या दृष्टीने पहिल्यातून दुसरे आपोआपच निघत होते : शिकवणी संपल्यावर शिक्षकाचे काम उरत नाही.

भाषा बोलीच्या जवळची आहे. तीत संस्कृत अलंकरण नाही, वाक्ये आखूड आहेत आणि संताप आला की तो लपवलेला नाही. पेशवाईतील श्रावणमासची दक्षिणा, दुसऱ्या बाजीरावाचा दरबार, भिक्षुकांची पंगत ही दृश्ये थोडक्या शब्दांत उभी राहतात. मात्र काही ठिकाणी टीका सरसकट होते आणि एका वर्गातील दोष त्या सर्व वर्गावर लादले जातात, हेही नाकारता येत नाही.

पत्रांबाहेरचे कार्य

पत्रांतून ज्या गोष्टींचा आग्रह धरला त्यांपैकी काही देशमुखांनी पुण्यात प्रत्यक्ष उभ्या केल्या. १८४८ मध्ये पुण्यात सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले, त्यात त्यांचा पुढाकार होता. हीच संस्था आज पुणे नगर वाचन मंदिर या नावाने चालते. मराठी पत्रांचा खप त्या काळी शेकड्यांतच मोजला जाई. त्यामुळे ज्या ठिकाणी एक अंक अनेकांना वाचता येईल, किंवा एकाने वाचलेला अनेकांना ऐकता येईल, अशा जागेचे मोल मोठे होते. सरकारकडून ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतील काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या लेखकांना मिळावा, अशी मागणी १८४९ मध्ये नव्या शिक्षितांनी केली. देशमुख या मताचे पुरस्कर्ते होते. या मागणीने पुण्यातील शास्त्रीमंडळींत मोठा क्षोभ उसळला. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली.

पत्रे चालू असतानाच १८४९ मध्ये त्यांचे लक्ष्मीज्ञान हे अर्थशास्त्रावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठीत या विषयावरील हा अगदी आरंभीचा ग्रंथ होय. भरतखंडपर्व हे इतिहासविषयक पुस्तक १८५१ मधील आहे.

नोकरीतील बढत्या

१८५२ मध्ये त्यांची वाई येथे मुनसफ म्हणून नेमणूक झाली. वाई हे तेव्हा वैदिक अध्ययनाचे आणि सनातनी विद्वानांचे ठाणे होते. लोकहितवादींसाठी याहून अवघड गाव शोधून सापडले नसते. त्यानंतर ते इनाम कमिशनकडे गेले. वंशपरंपरेने उपभोगलेल्या इनामांच्या सनदा तपासण्याचे काम या कमिशनकडे होते आणि त्यामुळे इनामदारवर्ग त्याच्यावर अत्यंत नाराज होता. पत्रांतून ज्या वर्गाला त्यांनी स्वकष्टाने मिळवून खाण्याचा उपदेश केला होता, त्याचीच कागदपत्रे आता अधिकारी या नात्याने त्यांच्यापुढे येऊ लागली.

१८६० च्या दशकात त्यांची बदली अहमदाबादेस झाली. १८६७ मध्ये ते तेथे स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले. नाशिक येथे सेशन्स न्यायाधीशाच्या पदापर्यंत पोहोचून १८७९ मध्ये ते निवृत्त झाले. सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी आणि जस्टिस ऑफ द पीस हा मान दिला. १८८० मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलावर त्यांची नेमणूक झाली. त्यानंतर काही काळ ते रतलाम संस्थानचे दिवाण होते.

लेखनाचा विस्तार

प्रभाकरातील पत्रे आठवड्यामागून आठवडा निघून गेली असती, तर त्या पत्राच्या थोड्याशा उरलेल्या अंकांबरोबर तीही दुर्मीळ झाली असती. शिळाप्रेसच्या कागदाचे आयुष्य फार नसते, आणि जुने अंक सांभाळून ठेवण्याची सवय वाचकांतही रुजलेली नव्हती. ही पत्रे टिकली याचे कारण लेखकानेच आपले लेखन एकत्र करून १८६६ मध्ये निबंधसंग्रह या नावाने ग्रंथरूपाने आणले. या वेळेपर्यंत परिस्थिती पालटली होती. मुंबई–पुणे लोहमार्ग पूर्ण झाला होता, मुंबईत विद्यापीठ स्थापन झाले होते, इंग्रजी शिकलेली एक पिढी उभी राहिली होती आणि इंदुप्रकाशसारखी सुधारणावादी पत्रे निघत होती. १८४८ मध्ये मूठभर वाचकांपुढे एकाकीपणे मांडलेली मते आता एका पक्षाची मते झाली होती, आणि त्या पक्षाला हाताशी धरण्याजोगे पुस्तक या संग्रहाने दिले. ज्ञानप्रकाश आणि इंदुप्रकाश या दोन्ही पत्रांशी देशमुखांचा स्नेहाचा व साहाय्याचा संबंध होता.

अहमदाबादच्या वास्तव्यात त्यांच्या कार्याने मराठीची सीमा ओलांडली. तेथे त्यांनी हितेच्छु हे गुजराती पत्र चालवण्यास साहाय्य केले. प्रार्थना समाज, पुनर्विवाहाची चळवळ आणि गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी यांच्या कामांत ते सहभागी होते. व्याख्यानमाला चालवण्यातही त्यांचा हात असे. आगमप्रकाश आणि निगमप्रकाश ही त्यांची पुस्तके गुजरातीत आहेत. पुण्यातील ब्राह्मणांना उद्देशून लिहायला आरंभ केलेला लेखक वीस वर्षांनी दुसऱ्या भाषेच्या वाचकांपुढे तेच प्रश्न मांडत होता, आणि तेथे तो परका समजला गेला नाही. गुजरातच्या सामाजिक इतिहासात त्यांना जे स्थान आहे त्याची महाराष्ट्रात पुरेशी जाणीव नाही.

स्वामी दयानंद सरस्वती १८७४ मध्ये अहमदाबादेस आले, त्यामागे देशमुखांचे निमंत्रण होते. पुढे मुंबईच्या आर्य समाजाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. थिऑसॉफिकल सोसायटीशीही त्यांचा संबंध आला. शतपत्रांत वेदपाठकांवर कोरडे ओढणारा लेखक उत्तरायुष्यात वेद, गृह्यसूत्रे आणि आर्यविद्या यांवर आदराने लिहू लागला, हा बदल अभ्यासकांनी नोंदवला आहे. त्यांच्या मते यात विसंगती नव्हती, कारण आधीचा राग अर्थ न जाणणाऱ्या पाठांतरावर होता. सर्वच अभ्यासकांना हे पटते असे नाही.

उत्तरायुष्यात त्यांचे लेखन प्रामुख्याने इतिहासाकडे वळले. पानिपतची लढाई (१८७७) आणि हिंदुस्थानचा इतिहास (१८७८) यांनंतर गुजरात, सौराष्ट्र, राजस्थान आणि लंका यांच्या इतिहासांवरही त्यांनी लिहिले. ग्रामरचना आणि स्थानिक स्वराज्य व्यवस्था ही १८८३ मधील पुस्तके लॉर्ड रिपनच्या सुधारणांच्या काळात लिहिली गेली. जातिभेदावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. १८८२ च्या सुमारास त्यांनी लोकहितवादी याच नावाचे नियतकालिक काढले. टोपणनाव म्हणून घेतलेला शब्द अशा रीतीने पत्राच्या मथळ्यावर आला. त्यांच्या लहानमोठ्या ग्रंथांची संख्या पस्तीसच्या आसपास सांगितली जाते. यांतील बरेच लेखन संकलनात्मक किंवा भाषांतरित आहे, आणि शतपत्रांची धार त्यात क्वचितच आढळते.

टीका

निबंधसंग्रहामुळे पत्रे नव्या पिढीच्या हाती पडली, तशीच ती विरोधकांच्याही हाती पडली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी निबंधमालेतून लोकहितवादींवर घणाघाती हल्ला चढवला. पूर्वजांची निंदा, इंग्रजांची अवाजवी स्तुती, इतिहासाचे अपुरे ज्ञान आणि ओबडधोबड भाषा हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. स्वतः चिपळूणकर हे इंग्रजी विद्येतूनच घडलेले होते आणि त्यांची मराठी डौलदार होती. यामुळे या टीकेचा परिणाम दूरवर झाला आणि पुढील दोन-तीन पिढ्यांतील अनेक वाचकांनी लोकहितवादींना चिपळूणकरांच्या चष्म्यातूनच पाहिले. पत्रे लिहिली गेली तेव्हा पेशवाई संपून तीसच वर्षे झाली होती आणि निबंधमाला त्यानंतर पाव शतकाने, १८७४ मध्ये, सुरू झाली. दोघांपुढचा समाज एकच नव्हता, ही गोष्ट या वादात बहुधा विसरली जाते.

दुसरा आक्षेप सुधारकांकडूनच आला. लेखणीत जेवढे धैर्य दिसले तेवढे आचरणात दिसले नाही, घरच्या व जातीच्या दडपणापुढे त्यांनी माघार घेतली, असे त्यांच्याविषयी म्हटले गेले. एकत्र कुटुंब, सरकारी नोकरीतील फिरती आणि बहिष्काराची टांगती तलवार ही कारणे त्यांच्या बाजूने सांगितली जातात. रानडे यांच्यासह त्या पिढीतील इतर सुधारकांवरही असेच आक्षेप घेतले गेले. मात्र लोकहितवादींनी इतरांच्या भित्रेपणावर स्वतः इतके कठोर लिहिले होते की त्यांना दिली गेलेली सूट वाचकाला थोडी जास्तच वाटते.

पुढील आवृत्त्या

विसाव्या शतकात शतपत्रांचा अभ्यास नव्याने सुरू झाला. श्री. रा. टिकेकर यांनी १९४० मध्ये शतपत्रांची संपादित आवृत्ती काढली. अ. का. प्रियोळकर यांनी १९६७ मध्ये निबंधसंग्रहाचे संपादन केले. निर्मलकुमार फडकुले यांनी लोकहितवादींचा काळ आणि कर्तृत्व यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गोवर्धन पारीख आणि इंदुमती पारीख यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने लोकहितवादींचे समग्र वाङ्मय १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. प्रभाकरात एकेक करून आलेली १०८ पत्रे आणि त्यांच्या लेखकाने पुढे चार दशके केलेले लेखन त्यामुळे आता एकत्र वाचावयास मिळते.